रंजिताताईंच्या गाडीतला वास

नवापुरात आमच्या शेजारी रंजिताताई पाटील राहतात. सासर प्रकाशा गावचं. नवरा हेमकांत नंदुरबारला बँकेत, रेल्वेने जातो-येतो. ताई स्वतः पोल्ट्री सुपरवायझर. शेतकऱ्यांच्या शेडवर जायचं, पक्ष्यांची तब्येत बघायची, खाद्य-पाणी तपासायचं, खाली अंथरलेलं भाताचं तूस ओलं तर झालं नाही ना ते पाहायचं, हे त्यांचं काम. फिरायला एक जुनी पांढरी गाडी आहे. चालवतात झकास.

कोरोनात त्यांचा वास गेला. तापाबिपातून बऱ्या झाल्या, पण फोडणीचा वास नाही, पावडरचा नाही, पेट्रोलचाही नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. बाकीच्यांचा आला, ताईंचा आला नाही. पोल्ट्रीत हे मोठंच अडचणीचं. पूर्वी शेडचं दार उघडलं की नाकाला झोंबणाऱ्या वासावरून त्या सांगायच्या, पडदे वर करा, हवा खेळू द्या. आता त्या मूठभर तूस हातात दाबून बघायच्या, पक्ष्यांच्या डोळ्यांना पाणी सुटलंय का ते बघायच्या. काम निभत होतं. पण हे त्यांनी हेमकांतशिवाय कुणालाच सांगितलं नाही. पोल्ट्रीवाल्या बाईला वास येत नाही म्हटल्यावर लोक आधी हसतील आणि मग कामावर शंका घेतील, असं त्यांना वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात त्यांची मुलगी दामिनी क्लासला पायी जायला लागली. दहावीचं वर्ष, सकाळची थंडी, दारात गाडी उभी, तरी पायी. ताईंनी विचारलं तर म्हणाली, "व्यायाम होतो." मग एकदा ती गच्चीवर मैत्रिणीशी फोनवर बोलताना ताईंच्या कानावर पडलं: "मम्मीच्या गाडीत बसवत नाही गं. कसला तरी घाण वास येतो. कोंबड्यांचा असणार."

ताई कपडे वाळत घालायला गेल्या होत्या. बादली घेऊन तशाच खाली आल्या.

त्या दिवसापासून त्या शेडवरून परत आल्या की आधी अंघोळ, मग घरात पाऊल. कामाचे कपडे वेगळे, बूट पिशवीत बांधून डिकीत. सीटची कव्हरं धुतली. आरशाला सुगंधाचं कार्ड टांगलं. त्या कार्डाला वास आहे की नाही हेही त्यांना कळत नव्हतं. पुढे कुणाच्या लग्नात शेजारी बसलेली बाई उठून दुसऱ्या खुर्चीवर गेली. पंख्याखाली बसायला गेली असेल, पण ताईंनी ते स्वतःवर घेतलं. नंतर त्या बायकांच्या घोळक्यापासून जरा लांबच उभ्या राहायला लागल्या. हे आम्हाला दिसत होतं. कारण मात्र माहीत नव्हतं.

फेब्रुवारीत त्यांच्या सासूबाई नर्मदाबाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी येऊन राहिल्या होत्या. डोळा बरा झाल्यावर त्यांना प्रकाशाला सोडायला ताई निघाल्या. सासू-सुनेचं भांडण नव्हतं, पण मोकळेपणाही नव्हता. विसरवाडीच्या अलीकडे एका ट्रकने धुळीचा लोट उडवला. समोरची काच मातकट झाली, म्हणून ताईंनी वायपरचं पाणी मारलं.

"माय वं!" नर्मदाबाईंनी पदर नाकाला लावला. "हाऊ कसाना वास?"

ताई समोर बघतच म्हणाल्या, "माझाच असेल, आई. शेडवर असते ना दिवसभर."

"कोंबडीसना वास माले समजत नही का? जलमभर पाळ्यात. हाऊ सडेल पानीना वास शे."

थोड्या वेळाने वास गेला म्हणून त्यांनी पदर काढला. काचेवर डाग राहिला होता. ताईंनी पुन्हा पाणी मारलं आणि पुन्हा पदर नाकाला गेला.

"थांब," नर्मदाबाई म्हणाल्या. "तू काचवर पानी मारस ना, तवयच येस."

ताईंनी गाडी बाजूला घेतली. बॉनेट उघडलं. कोपऱ्यात वायपरच्या पाण्याची प्लास्टिकची टाकी असते, तिचं झाकण काढलं. नर्मदाबाई वाकल्या आणि टाकीकडे बोट दाखवत लगेच मागे सरकल्या. "आठेच शे! हुंगी दख."

ताईंनी अगदी तोंडाशी नाक नेलं. काहीच नाही. आत डोकावल्या तेव्हा टाकीच्या कडांना हिरवट, बुळबुळीत थर दिसला.

"तुले नही येस?" नर्मदाबाई बघतच राहिल्या.

तिथे, रस्त्याच्या कडेला, बॉनेट उघडं असताना ताईंनी त्यांना सगळं सांगितलं. वास गेल्याचं, दामिनीच्या फोनचं, दोनदोनदा केलेल्या अंघोळींचं. सांगताना रडू आलं नाही, उलट पाठीवरचं पोतं खाली ठेवावं तसं वाटलं, असं त्या मला नंतर म्हणाल्या.

नर्मदाबाईंनी टाकीचं झाकण परत लावलं. मग म्हणाल्या, "मंग ती दाय..."

मागच्या उन्हाळ्यात प्रकाशाला पाहुणे जेवायला असताना ताईंनी आंबलेली डाळ वाढली होती. पाहुण्यांनी पहिल्याच घासाला ताट बाजूला सारलं होतं. नर्मदाबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत, पण मनात धरून बसल्या.

"माले वाटनं, नोकरीवाली शे, घरमा ध्यान नही देत," त्या म्हणाल्या. "सांगानं होतं ना पोरी."

पुढे नंदुरबारला थांबून ताईंनी पांढरं व्हिनेगर, बाटल्या धुवायचा लांब ब्रश आणि वायपरच्या टाकीत घालायचं लिक्विड घेतलं. नवापूरच्या भरत मेकॅनिकला फोन केला. तो हसला. "मॅडम, टाकीत काय घालता?"

"शेडवरचं पाणी. आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब."

"मग सडणारच. साध्या पाण्यात जंतू वाढतात. काचेवर फवारा मारला की वायपरखालच्या जाळीतून तोच वास एसीच्या हवेबरोबर आत येतो." धुवायचं कसं तेही त्याने सांगितलं. उकळतं पाणी नको, प्लास्टिक वाकेल. आणि व्हिनेगरमध्ये ब्लीचिंग मिसळायचं नाही, विषारी वायू होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकाशाच्या अंगणात काम सुरू झालं. ताईंनी बारीक नळी घालून टाकीतलं पाणी ओढून काढलं. कोमट पाणी घालून ब्रश फिरवला, तर काळ्या कपच्या सुटून आल्या. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतली. मग निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी घालून थोडा वेळ तसंच ठेवलं आणि फवारा मारून ते नळ्यांमधून काढलं, कारण घाण नळ्यांतही बसलेली असते. फवाऱ्याची भोकं टाचणीने मोकळी केली. वायपरखालच्या जाळीत निंबाचा पाला कुजला होता, तो उपसला. पुन्हा दोन-तीन वेळा साधं पाणी.

दर वेळी नर्मदाबाई पुढच्या सीटवर बसायच्या, ताई पंखा लावून काचेवर फवारा मारायच्या.

"आखो शे."

अजून येतोय म्हटल्यावर पुन्हा धुणं.

"आते थोडा शे. आंबट येस."

"तो व्हिनेगरचा, आई."

आणखी एकदा पाणी. नर्मदाबाईंनी डोळे मिटून लांब श्वास घेतला. "आते नही."

"नक्की?"

"मन्हा नाकवर भरोसा नही का तुन्हा?"

ताईंना तो ठेवणं भागच होतं. त्यांच्या दृष्टीने गाडी काल जशी होती तशीच आजही होती. त्यांनी टाकीत लिक्विड भरलं आणि झाकण दाबून बसवलं. नंतर पायरीवर बसून त्या विचार करत राहिल्या. वास म्हटल्यावर गाडीवर संशय का आला नाही? कितीतरी वेळा बॉनेट उघडून त्याच टाकीत पाणी भरलं, पण लोकांनी नाक मुरडलं की आपण आपल्याच अंगाकडे बघितलं. पोल्ट्रीत काम करणाऱ्या बाईला हे पटायला वेळ लागत नाही. कुणी न सांगताच पटतं.

नवापूरला परतल्यावर त्यांनी दामिनीला गाडीत बसवलं, फवारा मारला आणि विचारलं. दामिनीने आधी आईकडे पाहिलं.

"तू ऐकलंस ना तेव्हा, गच्चीवर?"

"ऐकलं."

दामिनीची मान खाली गेली. मग तिने प्रामाणिकपणे हुंगून बघितलं. "तो घाण वास गेला. आता थोडासा कोंबड्यांचा येतो. म्हणजे अगदी थोडासा."

ताई मोठ्याने हसल्या. "तो राहू दे. त्याच्यावर तुझी फी भरते."

दामिनीही हसली. दुसऱ्या दिवशी क्लासला गाडीतून गेली.

त्याच आठवड्यात ताई नवनीतभाईंच्या शेडवर गेल्या. त्यांच्याकडचे जुने शेतकरी, सगळ्यात मोठं शेड. दारातच त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "नवनीतभाई, एक सांगायचंय. कोरोनापासून मला वास येत नाही. शेडमध्ये नाकाला झोंबायला लागलं की मला लगेच फोन करत जा. मी तूस आणि पक्षी बघून सांगते, पण तुमचं नाक लागेल."

नवनीतभाईंनी कपाळाला हात लावला. "अरे बेन, आधी बोलायचं ना! मला वाटायचं, मॅडम लई कडक झाल्या, मुठीत तूस दाबून दाबून बघतात."

मग त्यांनी दाराचा पडदा वर केला, आत दोन पावलं टाकली, जोरात श्वास घेतला आणि वळून म्हणाले, "मागच्या कोपऱ्यात आहे थोडा. चला, दाखवतो."