याडीनं सारवलेला ओटा

जवळा बाजार या गावी आमची नृत्यसंस्था होती असं मी सांगितलं, की लोक आधी विचारतात, "लावणीची का?" मी नाही म्हणतो. "मग ऑर्केस्ट्रा?" तेही नाही म्हटलं की त्यांचा रस संपतो. पूर्वी मी चिडून समजावत बसायचो. हल्ली 'हो, ऑर्केस्ट्राच' म्हणून मोकळा होतो.

आम्ही सहा जण नाचायचो. नाच बसवायची ताई. ती मूळची हिंगोलीची. बंगळुरूला राहून आधुनिक नृत्य शिकली, तिथंच बरीच वर्षं नाचली आणि एक दिवस परत येऊन तिनं इथल्या एका आडत्याचं रिकामं गोदाम घेतलं. दिव्यांचं काम बघायला एक मंडपवाले काका होते. त्यांनी जन्मभर लग्नं उजळलेली, त्यामुळे ताई "काका, आता अंधार" म्हणाली की त्यांच्या अगदी जिवावर यायचं. कपडे शिवायला बाजारातलाच टेलर होता. पोरं जमिनीवर लोळणार हे कळल्यावर त्यानं न विचारता सगळ्यांच्या गुडघ्यांवर दुहेरी कापड टाकलं होतं.

आणि याडी होती. याडी म्हणजे बंजारा तांड्यातल्या बोलीत आई. ती जवळच्या तांड्यावरून रोज सकाळी चालत यायची. तिला ठेवलं होतं झाडलोटीला, पण नवख्या माणसाला गोदामाची मालकीण तीच वाटायची. त्या गोदामात आधी सोयाबीन साठवायचे. फरशीच्या फटींतून त्याचे दाणे वर्षभर निघत राहिले. नाचताना एक दाणा पायाखाली आला, तरी माणूस सपशेल आडवा. म्हणून झाडून झालं की याडी चपला काढायची, डोळे मिटायची आणि सगळ्या गोदामात सावकाश फिरायची. तळपायाला दाणा लागला की उचलून पदरात टाकायची. "डोळ्याला न्हाई दिसत, पायाला बराबर कळतं," असं तिचं म्हणणं. तोवर आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे, आमच्यात ताईसुद्धा. याडीनं "हं, नाचा आता" म्हटल्याशिवाय सराव कधी सुरू झाला नाही.

फार चांगले दिवस होते ते. आज आठवले तरी जीव हळहळतो. दुपारी आम्ही डबे सोडायचो, याडी भाकरीवर ठेचा घेऊन मधोमध बसायची आणि आमची उलटतपासणी घ्यायची. "तुमी नाचून राहिले का जमिनीत काही हुडकून राहिले?" असं तिनं एकदा विचारलं, तेव्हा ताईला हसता हसता ठसका लागला. मी साखरा गावचा, कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातला. घरी सांगितलं होतं, एका कार्यालयात कामाला आहे. ही थाप फक्त याडीला माहीत होती.

माझा उजवा गुडघा दुखतो हेही आधी तिलाच कळलं. मी ताईपासून लपवत होतो. याडी रुईचं पान तापवून बांधून द्यायची आणि वर दम भरायची. पण ताईची नजर बारीक. माझ्या उड्या आखडल्या हे तिनं हेरलं होतं, आणि माझ्या जागी घ्यायला परभणीच्या एका मुलाला तिनं दोनदा बोलावून बघितलं होतं. मला धडकीच भरली होती. नाच सुटला तर मी दुसरं काय करणार होतो?

अशात पुण्याहून निरोप आला. तिथल्या हिवाळ्यातल्या महोत्सवासाठी दोन पाहुणे आमचा नाच बघायला येणार होते. गोदामात पाहुण्यांना बसवायला जागा नव्हती, म्हणून बाजारतळावरच्या सिमेंटच्या ओट्यावर कार्यक्रम ठरला. ताईनं बंगळुरूच्या ओळखीतून नाचायची काळी रबरी चटई मिळवली. तिचे लांबच लांब पट्टे जमिनीवर अंथरायचे आणि कडा रुंद चिकटपट्टीनं पक्क्या करायच्या. आमच्यापैकी बाकी कुणी अशी चटई आधी पाहिलीही नव्हती.

आदल्या दिवशी दुपारी मी गुडघा शेकत बसलो होतो. याडी ओटा बघून आली. "लई खरबरीत हाय रे. लेकरायची कातडी सोलून निघंल. सारवून घेऊ का?"

मी म्हटलं, "घे की. त्यात विचारायचं काय?"

वर चटई येणार होती हे मला ठाऊक होतं. खाली सारवण, वर चटई, म्हणजे मऊच मऊ, एवढाच विचार मी केला. आमच्याकडे काहीही शुभ मांडायचं असलं की आधी जागा सारवायची, ही सवय हाडात भिनलेली. याडीनं संध्याकाळपर्यंत शेणमातीचे दोन हात दिले.

सकाळी ओटा बघून मन निवलं. सगळीकडे तिच्या बोटांची कमानदार वळणं उमटलेली, वर कोवळं ऊन. मग ताई आणि मंडपवाले काका चटई घेऊन आले. पट्टा अंथरला, चिकटपट्टी लावली, आणि ती सारवणाचा पापुद्रा घेऊन अलगद उचलून आली. दुसरीकडे लावली, तिथंही तेच. ऊन चढलं तशा चटईच्या कडा वळून वर यायला लागल्या. काकांनी विटा ठेवून बघितल्या. विटांवर कोण नाचणार? ओटा धुवायचा तर तो वाळणार कधी? पाहुणे अकराला पोचणार होते.

ताईचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. त्या दिवशी तो भाजीवाल्यांपर्यंत गेला. "कोणी सांगितलं होतं तुम्हाला हे करायला?"

याडीनं माझ्याकडे पाहिलं. अगदी पळभर. मी गुडघ्याचा पट्टा बांधत होतो. तो बांधून झाला होता, तरी मी बांधतच राहिलो.

"कुनी न्हाई," याडी म्हणाली. "माझ्याच मनानं केलं."

"मग जा तुम्ही. आज इथं नका थांबू."

चार माणसांसमोर तिला असं बोललं गेलं. तिनं बादली उचलली, पदर खोचला आणि ती निघून गेली. मला लाज वाटली, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती, खरं आहे तेच लिहितो.

आम्ही सारवणावरच नाचलो. पाय छान धरत होते. लोळताना धूळ उडत होती, कपडे गुडघ्यावर हिरवट होत होते, ओल्या मातीसारखा वास येत होता. एरवी आमच्या नाचातून दहा मिनिटांत उठून जाणाऱ्या बायका शेवटपर्यंत बसल्या. पाहुण्यांपैकी एकीनं ओट्याला हात लावून विचारलं, "ही कल्पना कोणाची?" ताई जरा थांबली आणि म्हणाली, "आमच्या याडीची." आमची निवड झाली. त्यात मीही होतो.

दुसऱ्या दिवशी ताई स्वतः तांड्यावर गेली, हात जोडले. याडीनं चहा पाजला आणि सांगितलं, सोयाबीन काढायला आलंय, जमायचं न्हाई. काढणी संपली तरी ती आली नाही. गोदाम आम्ही आळीपाळीनं झाडायला लागलो. दाण्यावरून कुणी ना कुणी घसरायचंच. पुण्याला आम्ही गेलो, मी बरा नाचलो, टाळ्याही पडल्या. परभणीच्या मुलाचं नाव पुन्हा निघालं नाही.

संक्रांत झाल्यावर मी तांड्यावर गेलो. याडी अंगणात तूर बडवत होती. चहाची वाट न बघता मी एका दमात बोलून टाकलं, "याडी, सारवायला मी सांगितलं होतं. मी ताईला आजच सांगतो."

ती हसली. "मला काय नवं सांगतू? मलाच तर सांगितलं व्हतंस."

"मग तेव्हा बोलली काहून नाहीस?"

"तुझा गुडघा असा. बाईला निमित्तच पाहिजे व्हतं. मला काय, झाडू कुठंबी हाय."

"पण ताई एवढी बोलवायला आली, तेव्हा तरी यायचं. तिचा राग गेला होता."

"तिच्यावर म्या रुसलेच न्हाई." तिनं काठी खाली ठेवली आणि तुरीचा भुसा हातानं बाजूला सारला. "तुझ्यापायी न्हाई आले. रोज म्या समोर दिसले असते अन् रोज तू मान खाली घातली असतीस. मान खाली घालून कुनी नाचतं व्हय, लेकरा?"