कारखान्याची चिमणी आणि एक सही

कऱ्हाडच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकत होते, तेव्हा माझं सगळं घोडं एका सहीपाशी अडलं होतं. एकटीने दुसऱ्या गावी विमान नेऊन परत आणायचं, तर आधी शिक्षकाने सोबत बसून माझी परीक्षा घ्यायची आणि लॉगबुकात लिहून द्यायचं, की हिला एकटीला सोडायला हरकत नाही. ती सही नाही तर पुढचं काहीच नाही. माझ्या बरोबरीच्या सगळ्यांना ती मिळाली होती. मी उरले होते, आणि दोष हवामानाला देत होते.

आमचे सर साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. उजवीकडच्या सीटवर हाताची घडी घालून बसायचे.

परीक्षेच्या दिवशी आम्ही सोलापूरहून परत येत होतो. उसाचा हंगाम, जिकडेतिकडे पाचट पेटलेलं, हवा पातळ ताकासारखी. अशात मला साखर कारखान्याची चिमणी दिसली. माझे वडील, आबा, सांगलीकडच्या एका कारखान्यात बॉयलरवर आहेत. लहानपणी एसटीतून ती चिमणी दिसली, की आई पिशव्या आवरायला लागायची. ती मी ओळखणार नाही होय?

"आमचा कारखाना!" मी जाहीर करून टाकलं.

"नक्की?" सरांनी एकदाच विचारलं.

"नक्की, सर."

आमचा कारखाना वाटेच्या दक्षिणेला. म्हणजे आपण भरकटलोय, असं ठरवून मी विमान उजवीकडे वळवलं. मांडीवरच्या कागदात दिशा आणि वेळ लिहिलेली होती, दोन्ही अगदी बरोबर होत्या. त्या कागदाकडे मी बघितलंसुद्धा नाही. काही वेळाने समोर कृष्णा यायला हवी होती. आले डोंगर. सरांनी हाताची घडी सोडली आणि विमान स्वतःकडे घेतलं.

"आपल्या दोन जिल्ह्यांत चिमण्या काय कमी हायत?" खाली उतरल्यावर ते म्हणाले. "आन् तुला एकच दिसती."

"धूर लय होता, सर."

"धूर असतो म्हणूनच घड्याळ बघायचं. घड्याळाला माहेर नसतंय, पोरी."

लॉगबुक त्यांनी सही न करता परत दिलं. मी दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. तोंड फुगवायला मला फार कारण लागत नाही. फोनवर आबांना सांगितलं, हवा खराब होती. त्यांच्याच चिमणीपायी मी नापास झाले, हे सांगायला जीभ रेटेना. ज्या चिमणीखाली त्यांचं उभं आयुष्य गेलं, ती मला ओळखता आली नाही, याची लाज वाटत होती.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच वाट, तसाच धूर आणि पुन्हा एक चिमणी.

"कुणाची गं ही?" सरांनी मुद्दाम विचारलं.

'आमची' अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं. "माहीत नाही, सर. घड्याळाप्रमाणे नदी अजून अठरा मिनिटांवर. दिशा हीच ठेवते."

अठरा मिनिटांनी नदी आली. उतरल्यावर सरांनी विमानाच्या पंखाखाली उभं राहूनच लॉगबुकात दोन ओळी लिहिल्या आणि सही केली. "माहीत न्हाई म्हणायला शिकलीस. आता जा एकटी," म्हणाले.

दोन दिवसांनी मी एकटी गेले; आबांना आदल्या रात्री फोनवर सांगून ठेवलं होतं. उजवीकडची सीट रिकामी, तिचा पट्टा मीच बांधून ठेवलेला. येताना धुरात तीन चिमण्या दिसल्या. कुठली कुणाची, ते मी ठरवत बसले नाही. वेळेवर नदी आली, मग धावपट्टी. विमान थांबलं तेव्हा मला रडू आलं.

संध्याकाळी आबांचा फोन आला. "दिसली का गं आपली चिमणी?"

या वेळी खोटं बोलवेना. परीक्षेच्या दिवसापासूनचं सगळं सांगून टाकलं. "आज तीन दिसल्या, आबा. त्यांत आपली होती का, मला नाही ओळखता आलं."

आबा म्हणाले, "मला तरी कुठं वळखू आलं? सकाळधरनं बॉयलरच्या भाईर हुबा हाय. तीन इमानं गेली. तिन्हीला हात केला."