भाऊंच्या गावात वाघ नव्हता

"पहिले फाइल वाच, मंग हात चालव," असं म्हणत भाऊ चष्मा कपाळावर चढवायचे आणि नाक स्क्रीनला टेकेल इतके पुढे वाकायचे. असा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. चष्मा असतो, पण वाचताना तो काढावा लागतो.

चंद्रपूरच्या आमच्या छोट्याशा ऑफिसात जंगलाकाठच्या गावांतून मेसेज यायचे: वाघ कुठे दिसला, कधी दिसला. ते सगळे एका लांबलचक टेक्स्ट फाइलमध्ये साठत. भाऊ त्यासाठी रेग्युलर एक्स्प्रेशन लिहायचे. म्हणजे एक साचाच: तारीख, गाव, जागा आणि 'वाघ' हा शब्द. साच्यात बसेल ती ओळ डेटाबेसच्या टेबलात, न बसेल ती बाहेर. त्या टेबलावरून रोज संध्याकाळी गावांना सावध केलं जाई. मोहफुलांच्या दिवसांत बाया ती वेचायला पहाटेच रानात जातात, त्यामुळे काम जोखमीचं.

बाहेर पडलेल्या ओळीही भाऊ एकेक करून वाचत. फक्त एका गावाच्या वाचत नसत, स्वतःच्या. मोहर्लीकडचं गाव, तिथे आई एकटीच. "माह्या गावाचं काय वाचाचं? सारं पाठ हाये." टेबलात त्या गावापुढे एकही नोंद नव्हती आणि भाऊ खुशीत. "आमच्या गावाले वाघही भेतो!"

एका दुपारी आईचा फोन आला. भाऊंनी स्पीकर लावला होता.

"नाल्यावर रोज येऊन राह्यला तो. काल तं आपल्या मोहाखालीच बसून होता."

"कोण?"

"कोण म्हंजे? जंगलवाला."

भाऊंचा चेहरा उतरला. त्यांच्या गावात वाघाचं नाव घेत नाहीत, घेतलं की तो येतो म्हणतात. हे लहानपणापासून माहीत असलेला माणूस साचा लिहिताना नेमकं तेच विसरला होता. फाइल उघडली तर 'जंगलवाला नाल्यावर', 'तो पाणी पिऊन गेला' अशा कितीतरी ओळी बाहेर पडलेल्या.

साच्यात 'तो' घातला, तर गावातले सगळे बाप्येच टेबलात आले. बाजाराला गेलेला तो, पिऊन पडलेला तो. आम्ही हसलो, भाऊ हसले नाहीत. शेवटी त्यांनी सगळ्या ओळी डोळ्यांनीच वाचून काढल्या, गावाला कळवलं आणि आईला फोन लावला.

"माय, उद्या नको जाऊ."

"मोह थांबते का माह्यासाठी?"

संध्याकाळच्या बसने भाऊ गावी गेले. मोह संपेपर्यंत ते रोज आईसोबत रानात गेले, डबा बडवत. आई सुखरूप राहिली.

त्याच वर्षी पावसाळ्यात भाऊ गेले. छातीत कळ आली, तेवढंच निमित्त. मला ते अजूनही पटत नाही. पुढच्या मोहाच्या दिवसांत मी त्यांच्या आईला भेटायला गेलो. ती अंगणात फुलं वाळत घालत होती.

"मागच्या साली पोरगा रोज माह्यासंगं आला," ती म्हणाली. "नोकरी लागल्यावर इतका माह्यापाशी कवाच राह्यला नोता. वेचाले येत नोतं त्याले. अर्धं टोपलं पाल्यानंच भरे. मले निवडत बसा लागे."

तिने टोपलं माझ्यापुढे सरकवलं. फुलं अगदी स्वच्छ होती.

"आता काई निवडाले राह्यतच नाई."