ओळंब्याची गाडी

आमच्या ह्यांना सगळे ओळंबा म्हणतात, भिंत सरळ आहे का बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात ना, त्यावरून. फरशी बसवायचा धंदा, आणि नजर अशी की पाणसळ लावायच्या आधीच सांगतील, "ह्या कोपऱ्यात दोन सूत उतार आहे." मग पाणसळ लावा, बुडबुडा निमूटपणे त्यांच्याच बाजूने साक्ष देतो. घरातही तीच कटकट. पडदा एका बाजूला बोटभर खाली आला की जेवण थांबलंच म्हणून समजा. लग्नात फोटो काढणाऱ्याला "कॅमेरा तिरका धरलाय" म्हणाले होते. मी तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

तर अशा माणसाने एका सकाळी आमच्या पिकअपभोवती फेरी मारली आणि मला हाक मारली. "अगं, ही डावीकडे झुकलीय का?"

मी बघितलं. मला काही दिसेना. माझ्या भावाला बोलावलं, त्यालाही दिसेना. शेजारी आले, माना वाकड्या करून बघून गेले. "ओळंब्या, वय झालं तुझं!" एक जण हसत म्हणाला. हे हसले नाहीत.

का हसले नाहीत ते मला ठाऊक होतं. माझे सासरेही फरशीवालेच. तेही असंच म्हणायला लागले होते, जमीन एका बाजूला कललीय. आम्ही थट्टा करायचो. मग एक दिवस ते जिन्यात कोसळले, डोक्यात गाठ निघाली. आधी काम सुटलं, मग अंथरूण धरलं, आणि वर्षभरात गेले.

त्या सकाळपासून ह्यांची पाणसळ हातातून सुटेना. एका बंगल्याचं मोठं काम दारात चालून आलं, तर "सध्या जमणार नाही" म्हणून परत पाठवलं. "डॉक्टरकडे चला" म्हटलं की अंगावर यायचे. आणि भिंतीवरचा सासऱ्यांचा फोटो धूळ पुसताना माझ्या हातून तिरका झाला होता, तो मी मुद्दामच तसा ठेवला. म्हटलं, बघू तरी, हे सरळ करतात का. रोज त्याच्यासमोरून जायचे, बघायचे, आणि पुढे निघून जायचे.

माझा भाऊ म्हणजे मोबाइलवर शिकलेला इंजिनीअर. म्हणाला, "भाऊजी, पिकअपचं नाक मुळातच खाली असतं. लेव्हलिंग किट टाका. पुढचं उचललं की गाडी काय रुबाबदार दिसते!" हे चक्क हो म्हणाले. गाडी सरळ झाली की डोक्यातली भुणभुण तरी थांबेल, असं वाटलं असावं बिचाऱ्यांना. मीही बरोबर गेले. त्यांना एकटं सोडायचा धीरच होत नव्हता मला.

गॅरेजवाल्या मेस्त्रीने बाकावर तीन किटं मांडली. एकात स्प्रिंगच्या डोक्यावर बसवायची जाड लोखंडी कडी, एकात जास्त उंचीच्या स्प्रिंगा, आणि एकात शॉक अ‍ॅब्सॉर्बरसकट सगळंच नवीन. भावाने लगेच सगळ्यात उंच किटावर हात ठेवला.

"मागे काय भरता?" मेस्त्रीने विचारलं.

"फरशा," हे म्हणाले.

"मग एवढं उंच कशाला? माल भरला की मागची बाजू बसते. रिकामी असताना सरळ केलीत, तर भरल्यावर नाक वर करून चालेल. दिवे थेट समोरच्याच्या डोळ्यांत."

भावाने किटावरचा हात हळूच काढून घेतला.

"आणि कुठलंही घ्या, मी आधी मोजतो," म्हणत मेस्त्री टेप घेऊन खाली बसला. चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत उजवी बाजू मोजली. डावीकडे आला, मोजलं, थांबला, पुन्हा मोजलं.

"अहो, ही डावीकडे बोटभर बसलीय. तुम्हाला कधी जाणवलं नाही?"

हे टेपवर वाकून आकडा बघू लागले. मग म्हणाले, "परत मोजा."

मेस्त्रीने परत मोजलं. गाडी जॅकवर चढवून आत बॅटरी मारली. डाव्या स्प्रिंगचा खालचा वेढा तुटला होता, आणि तुकडा स्प्रिंगखालच्या वाटीत असा लपून बसला होता की बाहेरून कुणाला कळायचीच सोय नव्हती.

हे तिथल्या टायरवर मटकन बसले. मला तर रडूच फुटलं, भर गॅरेजात. "तुटली हो, खरंच तुटली!" म्हणून रडतेय काय, हसतेय काय! मेस्त्री बिचारा गांगरला. "ताई, एवढं काही नाही. नवीन स्प्रिंग मिळते."

पाणी प्यायल्यावर ह्यांचा जुना आवाज परत आला. "दोन्ही स्प्रिंगा नव्या टाका, आणि वर सगळ्यात पातळ कडी. रिकामी असली की जराशी नाकावर राहील, तर राहू दे. भरली की सरळ होईल. ती काय मिरवायला घेतलीय?" परतीच्या वाटेवर ह्यांनी बंगल्यावाल्याला फोन करून काम घेतो म्हणून सांगितलं.

घरात शिरले ते चपला न काढताच भिंतीशी गेले आणि फोटो सरळ केला.

"दिसत होता?" मी विचारलं.

"रोज," ते म्हणाले. चौकटीवरचा हात तसाच होता. "मला वाटलं, बाबांसारखं माझंही सुरू झालं."