चार चादरींचं उत्तर

धुलाई कारखान्यात तिला सगळे ‘कॉलेज’ म्हणत. ‘कॉलेज, इकडे ये’, ‘कॉलेज, तो ढीग उचल’. तिचं नाव कुणी विचारलंच नव्हतं असं नाही. पण पहिल्या दिवशी ती दुपारी दोन वाजता, हातात हाडांच्या चित्रांचं जाडजूड पुस्तक घेऊन आत शिरली आणि खऱ्या नावाचा निकाल तिथंच लागला. घरी तिला ‘राणी’ म्हणत. तिचं स्वतःचं मत असं, की दोहोंत ‘कॉलेज’ बरं. राणी होण्यासाठी तिला काहीच करावं लागलं नव्हतं.

राणीचे वडील हॉटेलवाले. साठ खोल्या, काचेचं दार, दाराशी टोपीवाला माणूस. मुलीनं हॉटेल चालवण्याचा कोर्स करायचा आणि पुढं गल्ल्याशेजारच्या केबिनमध्ये बसायचं, असं त्यांनी ती सहावीत असतानाच ठरवून टाकलं होतं. मुलीला व्हायचं होतं फिजिओथेरपिस्ट. लहानपणी तिचं कोपर मोडलं होतं. प्लास्टर निघाल्यावर हात सरळ होईना, तेव्हा एका बाईनं दोन महिने रोज थोडाथोडा वळवून तो परत जागेवर आणला. तेव्हापासून हे वेड डोक्यात होतं.

‘लोकांचे हातपाय चोळायला वाढवली का तुला?’ वडील म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. जेवणाच्या टेबलावर मीठ मागावं तसे ते बोलले. ‘मी सांगेन तो कोर्स केलास, तर फी माझी. तू म्हणशील तो करायचा, तर फी तुझी तूच बघ. मी कुणाकडून दमडी घेतली नाही, तू पण शिक.’

हॉटेलची जागा आजोबांनी दिलेली होती. पण जागा काही दमडीत मोजत नाहीत, त्यामुळं वडिलांचं बोलणं तसं खरंच होतं. आई दाराआड उभी राहून डोळे पुसत होती. तिचा मुलीला पाठिंबा होता, पण तो दाराआडच होता.

ती घर सोडून भाड्याच्या खोलीत राहायला गेली. वडिलांना वाटलं होतं, सहा महिन्यांत पोरगी गुमान परत येईल. मुलगी बापावर गेली होती, एवढंच त्यांच्या हिशेबात धरायचं राहून गेलं.

कॉलेजात गरिबांच्या मुलांना फीमाफी होती. ती अर्ज घेऊन खिडकीशी गेली, तर आतल्या कारकुनानं वडिलांच्या उत्पन्नाचा आकडा दोनदा वाचला आणि चष्मा काढून तिच्याकडं पाहिलं. ‘अहो, एवढ्यात आमचं अख्खं ऑफिस जगतं. फीमाफी तुम्ही आम्हाला द्या.’ बँकेत कर्जाला वडिलांची सही हवी होती. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं तिचं झालं. कागदावर ती गावातल्या मोठ्या लोकांत मोडत होती आणि खिशात परतीच्या बसपुरते पैसे होते.

त्या दिवशी बस न पकडता ती चालत निघाली. वाटेत धुलाई कारखान्याच्या फाटकावर ‘घडीला माणूस पाहिजे’ अशी पाटी दिसली. आत खुर्चीत बसलेल्या मालकीणबाईंनी तिला एकच प्रश्न विचारला, ‘उभी राहू शकतेस का सात तास?’ ती हो म्हणाली. खरं तर तिला माहीत नव्हतं, पण हळूहळू माहीत झालं.

कारखाना गावातल्या सगळ्या हॉटेलांचे आणि दवाखान्यांचे कपडे धुई. एका भिंतीला धुण्याची यंत्रं, त्यांच्यापुढं पिळण्याची, मग गरम रोलर. रोलरमधून चादर सपाट होऊन बाहेर आली, की घडीच्या टेबलापाशी. चादर एकटीनं घडी होत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची, ताणायची, झटकायची, चालत एकमेकींपर्यंत यायचं, टोकाला टोक लावायचं, परत मागं जायचं, परत यायचं. म्हणून तिथं माणसं जोडीनंच कामाला लावत. तिची जोडी लागली ती मावशीशी. मावशी गेली बावीस वर्षं घड्या घालत होती आणि तिच्याबरोबर तीन दिवसांपेक्षा जास्त कुणी टिकत नाही, अशी तिची ख्याती होती.

पहिल्या आठवड्यातच एका गाठोड्यातून वडिलांच्या हॉटेलच्या चादरी निघाल्या. कोपऱ्यात निळ्या दोऱ्यानं भरलेलं चिन्ह होतं. ज्या चादरींवर ती लहानपणी उड्या मारत होती, त्याच समोर ढिगानं येऊन पडल्या. पळून जावंसं वाटलं तिला. पण दुपारी कॉलेज सुटल्यावर करता येईल असं दुसरं काम गावात नव्हतं. हॉटेलातर्फे यायचा तो गाडीवाला. तो तिला ओळखत नव्हता. ती गप्प बसली आणि पुढं गप्प बसण्याची सवयच झाली.

अभ्यासाला वेळ कुठला? सकाळी कॉलेज, दुपारपासून कारखाना, मग खोलीवर जाऊन जी आडवी व्हायची ती सकाळीच उठायची. एकदा ती घडी घालताना ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती. मावशीनं चादर मधेच ताणून धरली.

‘शिव्या देतेस का मला?’

‘नाही हो मावशी. खांद्याचे स्नायू पाठ करतेय.’

‘मग मोठ्यानं कर की. मला पण कळू दे खांद्यात काय असतं ते. बावीस वर्षं दुखतोय.’

तिथून सुरू झालं ते. मावशीला पुस्तक वाचता येत नव्हतं, पण कान तिखट होते. चादर झटकताना मावशी प्रश्न टाकायची, ‘हं, गुडघ्याचं सांग.’ आणि पोरगी मागं जाता-येता सांगत राहायची. उत्तर बरोबर की चूक हे मावशी कसं ठरवणार? तर चादरींवरून. गुडघ्याचं उत्तर चार चादरींचं. श्वासाचं सहा. मणक्याचं उत्तर सुरू झालं की रुग्णालयाचा अर्धा ढीग संपायचा. ‘आज गुडघा तीनच चादरींत आटपलास,’ मावशी म्हणायची, ‘काहीतरी खाल्लंस मधलं.’ आणि खरंच काहीतरी राहिलेलं असायचं. कॉलेजातले सर विचारत, एवढं सलग कसं बोलता येतं तुला? ती काय सांगणार?

अशी तीन वर्षं गेली. तीन वेळा तिनं स्वतःच्या पगारातून फी भरली. चौथं वर्ष शेवटचं. फी भरायची मुदत सोमवारी संपत होती, आणि शनिवारचा पगार हातात आला की रक्कम बरोबर पुरी होत होती. एक पगार चुकला तर वर्ष गेलं, इतकं सरळ गणित होतं, आणि मावशीमुळं ते अख्ख्या कारखान्याला पाठ झालं होतं.

नेमका त्या आठवड्यात घोळ झाला.

दवाखान्याची घडी तीनपदरी असते आणि हॉटेलची चारपदरी. हॉटेलात खोली आवरणारा माणूस चादर एका झटक्यात पसरतो. चारपदरी असली की मधली रेघ पलंगाच्या बरोबर मधोमध येते. हे मावशीला झोपेतही चुकलं नसतं. पण गुरुवारी पोरीला आणीबाणीच्या रुग्णाचं उत्तर पक्कं करायचं होतं. ते होतं लांबलचक आणि भलतंच रंगतदार. रुग्ण पडतो काय, त्याचा श्वास अडकतो काय. मावशी ऐकता ऐकता त्या रुग्णात अशी गुंतली, की तो शुद्धीवर येईपर्यंत दोघींनी हॉटेलच्या दोनशे चादरी दवाखान्याच्या घडीत घालून ठेवल्या.

शुक्रवारी हॉटेलात बाहेरगावच्या मोठ्या पाहुण्यांचा मुक्काम. साठ खोल्या, आणि प्रत्येक पलंगावर मधल्या रेघेऐवजी बाजूला दोन रेघा. शनिवारी दुपारी गाडी सगळ्या चादरी घेऊन परत आली आणि गाडीच्या मागोमाग दुसरी, मोठी गाडी आली. तिच्यातून हॉटेलचे मालक स्वतः उतरले.

पोरीनं त्यांना टेबलापासून पाहिलं आणि तिच्या हातातलं टोक सुटलं. रोलरच्या वाफेआड ती उभी राहिली. दारापासून ती दिसत नव्हती, पण दाराशी चाललेला शब्दन् शब्द तिला ऐकू येत होता.

‘कुणी घातल्या या घड्या?’ मालक म्हणाले.

‘माझ्या माणसांनी,’ मालकीणबाई खुर्चीतूनच म्हणाल्या. ‘चूक आमची. या धुलाईचे पैसे घेणार नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या नव्यानं धुऊन, घड्या घालून देते.’

‘ते ठीक आहे. पण ज्यानं हे केलंय त्याला आजच्या आज काढा. असला माणूस माझ्या मालाला नको.’

‘काढणार नाही.’

‘माझं काम मोठं आहे, बाई. गेलं तर तुमची निम्मी यंत्रं बंद पडतील.’

मालकीणबाईंनी भिंतीकडच्या यंत्रांवरून नजर फिरवली. पोरीला वाटलं, संपलं. त्यांनी तरी का भांडावं? तीन वर्षांत त्या तिच्याशी शंभर वाक्यंही बोलल्या नव्हत्या.

‘निम्मी बंद पडली तर निम्मी चालवीन,’ त्या म्हणाल्या. ‘ती पोरगी शिकतेय. सोमवारी तिची फी आहे. एका घडीपायी मी तिचं वर्ष बुडवणार नाही. तुम्हाला मुलंबाळं असतील, तुम्हाला कळेल.’

पुढं आयुष्यात त्या पोरीनं पुष्कळ चांगली माणसं पाहिली. आज ती मोठ्या रुग्णालयात फिजिओथेरपीचा विभाग सांभाळते, लोक तिला मान देतात. पण कृतज्ञता म्हणजे काय, हे तिला त्या क्षणी कळलं, आणि ते इतकं जोरात कळलं की तिला वाफेआड उभं राहवेना. आपल्यासाठी एक परकी बाई स्वतःचा धंदा पणाला लावतेय, आणि कुणापुढं, तर आपल्याच बापापुढं. ती चालत दाराशी गेली.

‘घड्या मी घातल्यात, बाबा.’

मालकीणबाईंनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग मालकांकडं, आणि नाकाची ठेवण जुळल्यावर त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

वडील तिच्या हातांकडं पाहत होते. गरम कापडानं बोटांच्या पेरांवर घट्टे पडले होते. ‘शिकवणी घेते म्हणाली होतीस तू आईला,’ ते म्हणाले.

‘हो.’

‘चल घरी. हॉटेलचं राहू दे. तुला काय शिकायचं ते शीक, फी मी भरतो.’

याच वाक्यासाठी ती तीन वर्षांपूर्वी किती रडली होती. आता ते आलं तेव्हा तिला आनंद झाला, खोटं कशाला बोला. पण निघावंसं वाटलं नाही. ‘या वर्षाची झालीय, बाबा,’ ती म्हणाली. ‘आज पगार आहे.’

तेवढ्यात मावशी पुढं आली. तिला अजून सगळा उलगडा झाला नव्हता. ती एकदा हिच्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघत होती. ‘साहेब, तुम्ही हिचे वडील?’ तिनं विचारलं. टोमणा मारायचं तिच्या मनातही नव्हतं. ‘बघा हो. हिच्या मागं कुणी नाही असं समजून आम्ही हिला सांभाळली.’

वडील दाराच्या चौकटीवर हात टेकून उभे राहिले. मग मालकीणबाईंना म्हणाले, ‘चादरी उद्या आल्या तरी चालतील. पैसे कापू नका कुणाचे.’ आणि गाडीत न बसता पायीच फाटकापर्यंत गेले. ड्रायव्हर गाडी घेऊन त्यांच्या मागोमाग.

काम टिकलं. सोमवारी फी भरली. पावती तिनं मालकीणबाईंना नेऊन दाखवली, तर त्या म्हणाल्या, ‘बरं. आता कामाला लाग.’ तिनं वाकून त्यांचे हात धरले. त्यांना ते फार अवघड झालं, पण त्यांनी हात सोडवून घेतले नाहीत.

मावशीचं मात्र बिनसलं होतं. सोमवारी ती टेबलाशी आली, टोक धरलं, झटकलं, पण तोंड बंद. दहा चादरी झाल्या, वीस झाल्या. शेवटी पोरीनंच विचारलं.

‘मावशी, रागावलात?’

‘तीन वर्षं समोर उभी होतीस. बाप कोण ते सांगितलं नाहीस.’

‘सांगितलं असतं, तर माझ्याबरोबर घडी घातली असतीत?’

मावशीनं टोकाला टोक लावलं आणि विचार केला. ती खोटं बोलणारी नव्हती. ‘घडी घातली असती,’ ती म्हणाली. ‘प्रश्न नसते विचारले. मोठ्या घरची पोर, तिला विचारणारी पुष्कळ माणसं असतील, असं वाटलं असतं मला.’

त्या मोठ्या घरात सगळे तिला सांगत आले होते. काय घालायचं, काय शिकायचं, कुठं बसायचं. विचारलं कुणीच नव्हतं. हे मावशीला कसं सांगावं ते तिला कळेना, म्हणून जे मनात होतं तेवढंच ती म्हणाली.

‘बरं झालं मग, नाही सांगितलं ते.’

मावशीनं ढिगातली पुढची चादर ओढली आणि एक टोक तिच्या हातात दिलं. ‘हं,’ ती म्हणाली, ‘गुडघ्याचं सांग.’