खंड्याची जागा

मासे धरायला मी दर रविवारी लांबच्या धरणावर जायचो आणि हात हलवत परत यायचो. बायको न विचारताच पिठलं टाकायची. परवा ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागचं गावतळं दाखवत म्हणाली, "अहो, तो खंड्या रोज त्याच फांदीवर बसतो. उपाशी बसत असेल का?"

तेवढ्यात तो निळा पक्षी सपकन पाण्यात शिरला आणि चोचीत मासळी घेऊनच वर आला. माणसाला लांबचंच पाणी खोल का वाटतं, कोण जाणे!

आज त्याच फांदीखाली, कणकेची गोळी लावून गळ टाकला. हातभर रोहू लागला! पिशवीत तडफडणारा मासा मिरवत जिना चढलो, तर दारापर्यंत वाटणाचा घमघमाट. पिठल्याची कढई आज फळीवरून खाली उतरलीच नव्हती.