आईच्या तोंडचं नाव

दाढ दुखली तर सगळ्या आळीला जागं ठेवणारा मी माणूस. पण आईला सहनशक्तीचे धडे द्यायला मीच पुढे. दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. आईच्या छातीतल्या गाठीची जखम झाली होती. नगरच्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला, आता बरं होणं नाही म्हणाले, आणि निदान कळा तरी कमी व्हाव्यात म्हणून अफूच्या अर्काचं औषध दिलं. नेवाशाला घरी आणून ती बाटली फडताळात ठेवली, ती तशीच राहिली.

कारण आई घेईना. "भोग आहे, भोगूनच संपायचा," हे तिचं वरवरचं उत्तर. खरं भय दुसरं होतं. अंतकाळी मुखात रामनाम असावं एवढ्यासाठी तिने जन्मभर माळ ओढली होती. गुंगीतच प्राण गेला तर? आणि कीर्तनं ऐकून शहाणा झालेला मी तिला दुजोरा देत होतो. येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगायचो, "आमची आई हूं की चूं करत नाही." ती करत होती. ते ऐकू येऊ नये म्हणून मीच ओट्यावर जाऊन बसत होतो.

महिनाभरात माझा धीर सुटला. औषध द्यावं तर तिचा जन्मभराचा जप वाया जाणार, न द्यावं तर हाल बघवत नाहीत. एका सकाळी, ज्याला टेकून ज्ञानोबांनी ज्ञानेश्वरी सांगितली म्हणतात त्या आमच्या गावच्या खांबाला कपाळ टेकलं आणि म्हटलं, काहीतरी खूण दे. खांब दगडाचा, तो काय बोलणार. तसाच परतलो.

येऊन पाहतो तो, पेट्रोलच्या टंचाईमुळे कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार नेमकी आमच्या दारासमोर बंद पडलेली. उतारूंतली एक म्हातारी पाणी मागायला आली. गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. आतून आईचा आवाज आला तसा तिने लोटा खाली ठेवला.

"कोन हाय आत?"

मी सगळं सांगितलं, बाटलीचंसुद्धा.

"म्या दवाखान्यात अशा लई बायांचं केलंय. बघू का?"

देवाकडे खूण मागून आलेला मी तिचं गाव, कूळ विचारत बसलो. बायको माझ्याकडे न बघता तिला आत घेऊन गेली.

म्हातारी आईच्या उशाशी बसली आणि मला म्हणाली, "दादा, आई काय म्हनतीय, ऐकलंय का कधी?"

ऐकलं. 'आई गं, मेले गं.' एवढंच. बायको म्हणाली, दहा दिवसांत त्या तोंडून रामाचं नाव निघालं नव्हतं, आणि जप मोजणाऱ्या मला त्याचा पत्ता नव्हता.

"बाई," ती आईला म्हणाली, "दुखनंच सगळं तोंड अडवून बसलंय. त्याला जरा सरकवा, मंग देवाला जागा हुईल."

आई कष्टाने म्हणाली, "आणि झोपेत गेले तर?"

"मी घेईन नाव तुझ्या कानाशी," मी म्हणालो.

"तू? तू कीर्तनात घोरतोस."

बायको तोंडाला पदर लावून हसली. आईही किंचित हसली, आणि तिने तोंड उघडलं. म्हातारीने मापाने थेंब दिले, बायकोला माप शिकवलं. मोटारीचा भोंगा वाजला तशी ती उठून गेली. तिचं नाव विचारायचं मात्र राहिलं.

दुपारी मी आईच्या कानाशी नाम घेत बसलो, आणि बसल्याबसल्या डुलकी लागली. कुणीतरी मनगटावर टिचकी मारली. आईच्या हातात माळ होती, ओठ हलत होते. "झोपलास ना?" म्हणाली, आणि पुढचा मणी ओढला.

असे सतरा-अठरा दिवस मिळाले. एका सकाळी ती झोपेतच गेली. कपाळावर आठी नव्हती. मी जागा होतो, नाम चालू होतं. तिला ते ऐकू गेलं का, याचा घोर मी पुष्कळ दिवस केला. आता करत नाही. ज्याने मोटार आमच्या दारात थांबवली, त्याला आईच्या ओठांवरचं आपलं नाव ओळखायला माझी साक्ष कशाला हवी? मी आपला ओट्यावर पाण्याचा लोटा भरून ठेवतो.